सडा, झरा आणि पाणसाप : एका अपरिचित जलचराची ओळख

पेडणे आणि डिचोली या उत्तर गोव्यातील दोन तालुक्यांची भूमी पाण्याने घडविलेली आहे. एका बाजूस जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे, त्यांच्या उतारावरून फुटणारे झरे व व्हाळ, त्याखाली कुळागरे व भातशेती, आणि शेवटी तेरेखोल, शापोरा, वाळवंटी व मांडवी या नद्यांच्या काठची खाजन जमीन, असा हा उतरता क्रम आहे. पेडण्याची पश्चिम सीमा तर प्रत्यक्ष अरबी समुद्रच होय. पाण्याच्या या प्रत्येक पायरीवर निसर्गाने निरनिराळे जीव वसविले आहेत. त्यांतील मासे, कुर्ल्या व बेडूक यांचा परिचय ग्रामस्थांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु त्याच पाण्यात राहणाऱ्या सापांविषयी मात्र आपले ज्ञान फारच तोकडे असून, भीतीने ती उणीव भरून काढली आहे. या लेखात पाण्यात राहणाऱ्या सापांची, आणि विशेषतः त्यांतील एका लाजऱ्या व अलीकडेच ओळख पटलेल्या सापाची माहिती देण्याचे योजिले आहे.

सड्यावरचे पाणी

प्रथम सड्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. जांभा दगड आपल्या घरांच्या भिंतींतून सर्वांच्या परिचयाचा आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळमधील अंगाडिपुरम येथे या दगडाचे वर्णन करून त्यास शास्त्रीय वाङ्मयात नाव मिळवून दिले. हा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात सड्यावर पडणारे पाणी काही अंशी खोलगट जागी साचून उथळ डबकी बनतात, तर उरलेले पाणी दगडाच्या सच्छिद्र थरांतून झिरपत झिरपत उतारावर झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. पावसाळा संपल्यानंतरही कित्येक महिने कुळागरास पाणी पुरविणारा झरा हा बहुधा वरच्या सड्यानेच सांभाळून ठेवलेला असतो.

एप्रिल-मे महिन्यांत सडा पाहिला तर तो करपलेला, ओसाड असा भासतो. यामुळेच ‘सडा म्हणजे पडीक जमीन’ अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु जूनच्या पहिल्या सरींबरोबर हीच भूमी जागी होते. गवत उगवते, इवल्या फुलांचे गालिचे पसरतात, डबक्यांत बेडकांची पिले वळवळू लागतात. ज्या सापाची ओळख आपण करून घेणार आहोत, त्याच्या जीवनाचा आरंभही अशाच पाणथळ सड्यावर होतो.

झऱ्याचा साप

२०१७ साली ‘झूटॅक्सा’ या प्राणिवर्गीकरणविषयक नियतकालिकात डॉ. वरद गिरी, व्ही. दीपक, अशोक कॅप्टन, डेव्हिड गॉवर आदी अभ्यासकांनी सह्याद्रीच्या उत्तर भागातून सापाची एक नवी जाती प्रसिद्ध केली. तिचे शास्त्रीय नाव ‘ऱ्हॅब्डोप्स अ‍ॅक्वाटिकस’ असे आहे. ‘अ‍ॅक्वाटिकस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाण्यात राहणारा’ असा होतो. या जातीचा मूळ नमुना कोल्हापूर जिल्ह्यातील धनगरमोळा येथील असून, गोवा, दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या भागांत तिचा आढळ आहे. म्हणजेच हा साप आपल्याच परिसराचा रहिवासी होय. जगाच्या पाठीवर अन्यत्र तो कोठेही नाही. लेखाच्या सोयीसाठी आपण त्यास ‘झऱ्याचा साप’ असे म्हणू.

येथे असा प्रश्न उद्भवेल की, हा साप काही २०१७ साली जन्मास आला नाही, मग तोपर्यंत तो शास्त्रज्ञांच्या दृष्टीस कसा पडला नाही? याचे उत्तर उद्बोधक आहे. १८६३ साली रिचर्ड हेन्री बेडोम या अधिकाऱ्याने केरळातील वायनाड भागातून ऑलिव्ह वर्णाच्या एका सापाचे वर्णन केले होते. बेडोम हे मद्रास इलाख्याच्या वनखात्यात काम करीत असत आणि वनस्पती व सरपटणारे प्राणी या दोहोंचे ते जाणकार होते. पुढे सह्याद्रीच्या उत्तर भागात त्यासारखाच साप दिसू लागला, तेव्हा तो वायनाडचाच साप असावा असे गृहीत धरले गेले. हे गृहीत दीर्घकाळ तसेच चालत आले. अखेर अंगाचा रंग, पाठीवरील ठिपक्यांचा आकार, पोटाकडील रंगाची ठेवण व खवल्यांची मांडणी यांची बारकाईने तुलना केल्यावर हे दोन साप भिन्न आहेत असे सिद्ध झाले.

ही हकिकत एवढ्यावरच संपत नाही. ऱ्हॅब्डोप्स कुळात पूर्वी ईशान्य भारतातील एका सापाचीही गणना होत असे. २०१९ साली जनुकीय परीक्षणावरून तो साप या कुळाचा निकटचा नातलग नसल्याचे दिसून आले आणि त्यास ‘स्मिथोफिस’ या नव्या कुळात स्थान देण्यात आले. परिणामी आज ऱ्हॅब्डोप्स कुळात दोनच जाती उरल्या आहेत, एक दक्षिणेकडील व एक आपल्याकडील. दोन्हीही केवळ सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या आहेत. एखादा प्राणी किती दुर्मिळ व किती जपण्याजोगा आहे हे त्याचे नाव निश्चित झाल्याखेरीज समजत नाही, हा या हकिकतीचा बोध होय. नाव नसलेल्या प्राण्याची नोंद होत नाही आणि नोंद नसलेल्याचे रक्षणही होत नाही.

रंग, निवास आणि स्वभाव

झऱ्याच्या सापाचे वैशिष्ट्य असे की, वयाबरोबर त्याचा रंगही बदलतो व निवासही बदलतो. पिलांचा रंग हिरवट ऑलिव्ह असतो आणि ती सड्यावरील पाणथळ जागी आढळतात. पूर्ण वाढ झालेल्या सापाचा रंग तपकिरीकडे झुकणारा ऑलिव्ह असून अंगावर काळे ठिपके असतात, तर पोटाकडील बाजू फिकट, पांढरटसर असते. प्रौढ साप वनातील झऱ्यांत व ओढ्यांत राहतो. तो निशाचर आहे. दिवसा सहसा बाहेर पडत नाही. रात्रीच्या वेळी पाण्यात बुडी घेऊन, दगडांच्या सांदीकपारींतून तो आपले भक्ष्य शोधीत असतो. रात्री वनातील वाहत्या पाण्याकडे फारसे कोणी फिरकत नसल्यामुळे हा साप मनुष्याच्या नजरेस क्वचितच पडतो. तो बिनविषारी असून त्याच्यापासून मनुष्यास वा गुराढोरांस कोणताही धोका नाही.

बालपण सड्यावर आणि प्रौढपण झऱ्यात, ही जीवनाची रीत नीट ध्यानात घेतली पाहिजे. अशा प्राण्यास केवळ झरा राखून चालत नाही, आणि केवळ सडा राखूनही भागत नाही. झऱ्याचे पाणी गढूळ झाले तर प्रौढ सापाचे जगणे कठीण होते. सड्यावरील डबकी बुजली तर पिलांचा आसरा जातो. शिवाय सड्यावर मुरणारे पाणीच जर थांबले, तर खालचा झराही आटतो. सापास ज्या दोन गोष्टींची गरज आहे, त्याच दोन गोष्टींवर खालच्या गावाचे कुळागर व विहीरही अवलंबून आहे.

शेतातील आप्त

झऱ्याचा साप ज्या मोठ्या गटात मोडतो, त्याच गटातील इतर काही साप आपल्या नित्य परिचयाचे आहेत. त्यांत दिवड हा प्रमुख होय. त्यास काही ठिकाणी विरोळा असेही म्हणतात. पिवळसर अथवा हिरवट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे आणि डोळ्याखालून व मागून तिरप्या जाणाऱ्या दोन काळ्या रेषा, ही त्याची खूण. भातशेती, तळी, विहिरी व पाटाचे पाणी ही त्याची राहण्याची ठिकाणे. पावसाळ्याच्या आरंभी चढणीचे मासे शेतांत शिरतात, तेव्हा त्यांच्यामागोमाग दिवडही येतो. तो चिडखोर आहे, डिवचल्यास मान चपटी करून चावा घेतो, परंतु त्यास विष नाही. मान चपटी करण्याच्या या सवयीमुळे त्यास नाग समजून मारले जाते, हे त्याचे दुर्दैव होय.

अंगावर लांब पट्टे असलेली नानेटी आणि हिरव्यागार रंगाचा गवत्या हेही याच गटातील निरुपद्रवी साप आहेत. पावसाळ्यात घराच्या पडवीत अथवा अंगणात त्यांपैकी एखादा दिसणे ही नवलाची गोष्ट नाही. बेडकांच्या शोधात ते आलेले असतात.

खाजन व खाडीतील साप

नदीचे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी जेथे एकत्र येते, त्या खाजनात व खारफुटीत सापांचा आणखी एक समूह वास करतो. मानशीच्या दाराजवळ, बांधाच्या कडेस व चिखलात राखी-तपकिरी रंगाचा, लांबट तोंडाचा जो साप दिसतो, त्याचे तोंड कुत्र्यासारखे भासते म्हणून त्यास श्वानमुखी पाणसाप म्हणतात. मासे हे त्याचे मुख्य भक्ष्य. त्याच्या वरच्या जबड्यात मागील बाजूस विषदंत असतात, परंतु त्याचे विष सौम्य असून मनुष्यास ते घातक नाही. हा साप अंडी घालीत नाही, पिलांनाच जन्म देतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील खारफुटीच्या चिखलात राहणाऱ्या गेरार्डा नामक सापाची रीत तर अधिकच विलक्षण आहे. साप आपले भक्ष्य अखंड गिळतो, त्याचे तुकडे करीत नाही, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. हा साप त्यास अपवाद आहे. नुकतीच कात टाकलेली, मऊ कवचाची कुर्ली तो पकडतो, अंगाच्या वेटोळ्यात तिला धरून ठेवतो आणि ओढून तिचे लचके तोडतो. सिंगापूर येथील सापांच्या निरीक्षणावरून ही गोष्ट २००२ साली शास्त्रीय जगतापुढे आली.

खाडीत जाळे टाकणाऱ्यांस कधी कधी सैल, खरखरीत कातडीचा एक सुस्त साप मिळतो. त्याची कातडी कानशीसारखी लागते. या खरखरीतपणामुळे निसटता मासा त्यास घट्ट धरता येतो. जमिनीवर त्यास नीट सरपटताही येत नाही. हाही बिनविषारी आहे.

समुद्रसर्पांविषयी सावधगिरी

वरील सर्व साप निरुपद्रवी असले, तरी समुद्रसर्पांची गोष्ट वेगळी आहे. केरी, हरमल, मांद्रे व मोरजी येथील मच्छीमार बांधवांनी हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. समुद्रसर्पाची शेपटी वल्ह्यासारखी उभी चपटी असते, तर गोड्या पाण्यातील सापाची शेपटी गोल व निमुळती असते. ही खूण एकदा ओळखली की चूक होण्याचे कारण नाही. समुद्रसर्प विषारी असतात. ते स्वभावतः शांत असले, तरी रापणीत अथवा जाळ्यात मासळीबरोबर सापडल्यावर त्यांना हाताने उचलणे धोक्याचे आहे. काठीने अथवा फळीने त्यांना अलगद पाण्यात सोडून द्यावे. आपल्या देशात रुग्णालयांतून मिळणारी सर्पविषावरील लस ही नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेली असते. समुद्रसर्पाच्या विषाचा समावेश तीत नाही. म्हणून येथे दंश टाळणे हाच उत्तम उपाय होय.

समजुती आणि वस्तुस्थिती

आपल्या भागात सातेरी देवीची उपासना वारुळाच्या रूपात केली जाते. नागपंचमीस मातीचा नाग पुजला जातो. सर्पाविषयीचा हा आदर आपल्या संस्कृतीचे भूषण आहे. तथापि देवळात पुजलेला साप व्हाळात दिसताच काठी उगारली जाते, ही विसंगतीही तितकीच खरी. साप डूख धरतो, धामण गाईचे दूध पिते, अशा समजुतींना वस्तुस्थितीचा आधार नाही. सापाच्या मेंदूत वैर लक्षात ठेवण्याजोगी स्मरणशक्ती नसते आणि त्याच्या तोंडाची रचना दूध चोखण्याजोगी नसते.

असे असले तरी सर्पदंशाचे भय निराधार आहे असे मात्र कोणी समजू नये. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देण्यात आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणण्याच्या उद्देशाने केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. सर्व साप सारखेच मानून त्यांना मारल्याने हे मृत्यू कमी होणार नाहीत. विषारी साप ओळखणे, अंधारात विजेरी व पायांत पादत्राणे वापरणे आणि दंश झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठणे, यानेच ते कमी होतील.

दंश झाल्यास पुढील गोष्टी कराव्यात. रुग्णास धीर द्यावा व त्यास चालू देऊ नये. दंश झालेल्या हातातील वा पायातील अंगठी, कडे, पैंजण काढून ठेवावे. तो अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. साप पकडण्याच्या वा मारण्याच्या मागे लागू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास लगेच नजीकच्या शासकीय आरोग्य केंद्रात अथवा रुग्णालयात न्यावे. साप बिनविषारी असल्याची खात्री वाटली तरी वैद्यकीय तपासणी करून घेणे श्रेयस्कर होय.

पाण्याचे रक्षण, सापाचे रक्षण

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण लाभलेल्या सापांस मारणे, पकडणे अथवा त्यांच्या कातडीचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. परंतु केवळ कायद्याने झऱ्याचा साप वाचणार नाही. त्याला खरा धोका काठीपेक्षा पाण्याच्या बदलत्या स्थितीपासून अधिक आहे. डिचोली तालुक्याने खनिज व्यवसायाची भरभराट पाहिली, तशीच शेतांत व व्हाळांत उतरलेली खाणमातीही पाहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने थांबलेले खाणकाम नव्या लिलावांनंतर २०२४ साली या तालुक्यात पुन्हा सुरू झाले. पेडणे तालुक्यात मोप येथील सड्यावर उभारलेल्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. रोजगार व दळणवळण यांची गरज कोणीही नाकारणार नाही. तथापि सडा ही पडीक जमीन नसून ती खालच्या गावांची पाण्याची कोठी आहे, ही गोष्ट जमिनीच्या वापराचा निर्णय घेताना प्रत्येक अधिकाऱ्याने नजरेसमोर ठेवली पाहिजे. उत्खननाची माती पावसाच्या पाण्याबरोबर व्हाळात जाऊ न देणे, झऱ्याच्या उगमाभोवतीची झाडी न तोडणे व सड्यावरील नैसर्गिक डबकी न बुजविणे, एवढी पथ्ये पाळली तरी पुष्कळ साध्य होईल.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांना जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करण्याची व लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. तिचा लाभ घेणे ग्रामस्थांच्याच हाती आहे. आंबोली येथील हिरण्यकेशीच्या उगमाजवळ माशाची एक नवी जाती आढळली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ते स्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. आपल्या डिचोली तालुक्यातही सुर्ल येथील पुर्वतळी राईस असा मान मिळाला आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी एके काळी खाण्यासाठी उकरली जात. १९९० नंतरच्या दशकात वनखाते व ग्रामस्थ यांच्या सहकार्याने त्याच किनाऱ्यावर कासवांची घरटी राखली जाऊ लागली. कासवांच्या बाबतीत जे शक्य झाले, ते झऱ्याच्या सापाच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

शिक्षकांनी या कामी पुढाकार घ्यावा. आपल्या गावात किती झरे आहेत, त्यांपैकी बारमाही किती, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, पावसाळ्यात सड्यावर कोठे पाणी साचते, यांची नोंद विद्यार्थ्यांकडून वर्षभर करवून घेता येईल. तीत बेडूक, मासे, खेकडे व दुरून दिसलेले साप यांचीही तारीखवार नोंद असावी. मात्र सापास हात लावू नये, त्यास डिवचू नये, तसेच रात्रीच्या वेळी मुलांना पाण्यावर नेऊ नये, हा नियम कसोशीने पाळावा. घरात वा विहिरीत साप आल्यास वनखात्याच्या नजीकच्या कार्यालयास कळवावे. अशी नोंदवही दहा वर्षे चालली तर ती गावाच्या पाण्याचा इतिहासच ठरेल, आणि एखादा झरा आटू लागल्यास त्याची पहिली सूचना तीतूनच मिळेल.

दीर्घकाळ दुसऱ्याच्या नावाने ओळखला गेलेला हा साप आता स्वतःच्या नावाने ओळखला जाऊ लागला आहे. तो ज्या झऱ्यात रात्री आपले भक्ष्य शोधतो, त्याच झऱ्याचे पाणी सकाळी कुळागराच्या पाटातून वाहते. ते पाणी निर्मळ व वाहते ठेवणे हे ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक या सर्वांचे समान कर्तव्य होय.